उजवं फूल

"माझा हात थरथरतो रे, तूच लाव फुलं," म्हणत माई देवघरापुढे पाटावर बसली आणि तिने डोळे मिटले.

हृदयाचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि देवीचा कौल घेतल्याशिवाय ती घरातून निघायला तयार नव्हती. देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जयवंत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. कळत्या वयापासून त्याने देवापुढे हात जोडले नव्हते. एका फुलापायी आईला गमवायचं? त्याने डावं फूल पाण्यात चांगलं भिजवून मूर्तीला चिकटवलं. उजवं सदऱ्याला पुसून नुसतं टेकवलं.

माई मनातल्या मनात पुटपुटली. उजवं फूल घरंगळून देवीच्या पायाशी आलं.

"मिळाला ना होकार? मग आता ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही," तो म्हणाला.

माईने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"ऑपरेशनचं कशाला विचारू? तू म्हणालास तेव्हाच मी तयार झाले. मी विचारलं, माझ्यामागे हा तुझ्यापुढे दिवा लावील का? होय म्हणाली बघ! आता तिकडे माझं काही झालं तरी चालेल. मी मोकळी झाले."

तिने काड्यापेटी त्याच्यापुढे धरली. "आजपासूनच लाव."

जयवंतने काडी ओढली. पेटली नाही. दुसरीही पेटेना.

त्याची बोटं अजून ओली होती.