भवानीचा नारळ

"काय देखणं दुकान उभं केलंस गं पोरी!" पैठणीवाले काका फोनवर बोट फिरवत म्हणाले आणि निशिकांतच्या पोटात दुखायला लागलं.

गिऱ्हाइकाला दिसणारं ऑनलाइन दुकान ऋजुतानं केलं होतं. साठा, दर, ऑर्डरी सांभाळणारी मागची सगळी यंत्रणा त्याची. पण न दिसणाऱ्या यंत्रणेला कोण वाहवा देणार?

काका नारळ घेऊन भवानीची वाट बघत होते. पहिली ऑर्डर आली की फोडायचा. ती काही येईना. निशिकांतनं लॅपटॉप उघडला आणि त्याच्या लक्षात आलं. दुकान खऱ्या यंत्रणेला जोडायचं ऋजुता विसरली होती. ऑर्डरी येत होत्या, पण सगळ्या सरावासाठी केलेल्या चाचणीच्या यंत्रणेत पडत होत्या. एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. तो बोलला नाही. तिचा चेहरा उतरत गेला, तसा त्याला चहा गोड लागत गेला.

"मागचं काम याचं ना? तिथंच घोळ असणार," काका वैतागले.

"नाही काका, याच्या कामात चूक नसते. माझंच काहीतरी राहिलंय," असं म्हणत ऋजुता मदत मागायला त्याच्या खुर्चीमागे येऊन वाकली.

लॅपटॉप मिटायला त्याला वेळच मिळाला नाही. एकाखाली एक पडणाऱ्या ऑर्डरींकडे ती बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"भवानी मघाशीच झालीय, काका," ती शांतपणे म्हणाली. "नारळ याच्याच हातून फोडून घ्या. पहिली ऑर्डर यानंच पाहिली."