खोडून काढणारे सर

जखमा कशा भरून येतात, यावर बाईंनी वीस वर्षं संशोधन केलं. त्यांचा लेख छापून आला की दुसऱ्या विद्यापीठातले एक सर तो वर्षभरात खोडून काढत. घरी त्या सरांचा विषय निघाला तरी बाईंच्या कपाळाला आठी पडायची.

यंदा बढतीसाठी बाईंच्या लेखांचा इतर शास्त्रज्ञांनी किती वेळा संदर्भ दिला, याची यादी ग्रंथपालाने काढली.

"दोनशे अकरा वेळा, मॅडम. बढती पक्की समजा," तो म्हणाला आणि जरा घुटमळला. "त्यातले एकशे साठ संदर्भ त्या सरांचेच आहेत. तुम्हाला खोडायचं म्हणजे आधी तुमचे सगळे लेख नोंदवावे लागतात ना."

बाई विभागप्रमुख झाल्या. दोन दिवस मनाची तयारी करून त्यांनी सरांना आयुष्यात पहिल्यांदाच फोन लावला आणि आभार मानले.

सर मनमोकळं हसले. "आभार कसले? मीही तुम्हाला खोडून खोडूनच प्राध्यापक झालो. फक्त एक विनंती होती."

"बोला ना."


"माझ्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. तोवर तुमचं मत बदलू नका."