रंगूबाईची जीभ

रंगूबाईनं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. समोर अंजना दोन्ही हातांनी परात धरून बसली होती. वर्षभराची कांदा-लसणाची चटणी, लग्नानंतरची पहिली. त्यातली निम्मी डब्यातून तिच्या फौजेतल्या नवऱ्याकडं, कृष्णातकडं, पार काश्मीरच्या बर्फात जायची होती.

बहात्तरच्या दुष्काळाआधीपासूनची रीत होती ही. आळीत कुणाचीही चटणी कांडून झाली की परात रंगूबाईच्या उंबऱ्यावर यायची. ती 'झकास' म्हणाली की मगच बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. बाईची जीभ म्हणजे तराजू! "आगं, मीठ काय गुंजेनं मोजून घातलंस व्हय, सोनारावानी? बुरशी धरंल की पावसाळ्यात!" असं म्हणून भल्याभल्या सुगरणींना दोन-दोनदा माघारी धाडायची.

डोळे मिटले की तिला सगळं दिसायचं. मिरची कुठल्या रानातली, खोबरं किती भाजलं, लसूण कुणी सोलला. आताही दिसत होतं. कृष्णेच्या पाण्यावरचं ऊन, माहेरच्या खळ्यावर वाळत टाकलेली मिरची, तिखटानं लाल झालेले आईचे हात. सगळं हळूहळू तरंगत पुढ्यात येत होतं. फक्त जिभेवर काही नव्हतं. माती खाल्ल्यागत. दुपारी जरा डोळा लागला की स्वप्नात चिंच आंबट लागायची, गाभुळलेली बोरं गोड लागायची, तोंडाला पाणी सुटायचं. जाग आली की पुन्हा माती.

हे तिसरं वर्ष. तीन वर्षं ती प्रत्येक परातीला पहिल्याच चिमटीत 'झकास' म्हणून मोकळी होत होती. करणार काय? नवरा गेलेला, पोरबाळ नाही. जीभ गेली असं कळलं तर हा उंबरा चढणार कोण?

गेल्या महिन्यात ती गुपचूप कराडला जाऊन आली. तरण्या डॉक्टरनं जीभ बघितली, काय जेवता ते विचारलं. "भाकरी आन च्या," ती म्हणाली.

"आजी, तुमच्या अंगातलं जस्त कमी झालं असावं. म्हातारपणी होतं असं. त्यानं चव जाते."

"जस्त? बादलीचं?" रंगूबाईला हसूच फुटलं. "मग काय बादली चाटू व्हय?"

डॉक्टरही हसला. त्यानं गोळ्या दिल्या, डाळी-दाणे खायला सांगितले. चव यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाला. येईलच असं मात्र म्हणाला नाही.

"आजी?" अंजनानं हाक मारली. "कशी झालीया?"

रंगूबाईनं डोळे उघडले. 'झकास' अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात तिला बर्फात बसलेला कृष्णात दिसला. डब्याचं झाकण काढलेलं, आणि चटणीवर पांढरी बुरशी. तिला लाज वाटली, लयच लाज वाटली.

"पोरी, मला चव कळत न्हाई," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली. समद्यास्नी खोटंच सांगत आले मी. ही दुसऱ्या कुनाला तरी दाव."

अंजना जागची हलली नाही. "ठावं हाय मला," ती हळूच म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"समद्या आळीला ठावं हाय. तीन वर्सांमागं हाजराबीमावशी चटनीत मीठच घालायला इसरल्या हुत्या. तुमी झकास म्हनला. तवापास्नं समद्याजनी घरीच चाखून आनत्यात. माझी बी आत्याबाईंनी चाखलीया."

तीन वर्षांच्या साऱ्या पराती रंगूबाईच्या डोळ्यांपुढून गेल्या. किती बाया, किती उन्हातून आलेल्या.

"मग माझ्या दारात आनता कशाला गं?"

अंजनानं बरणीचं फडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"आवं आजी, मीठ आमी बघतो. पर तुमी झकास म्हनल्याबिगार हे बांधायला कुनाचा हात धजत न्हाई."