कर्णांतील फरक

दिनांक १२ जानेवारी, सकाळी नऊ वाजता जीपच्या सांगाड्याचे दोन्ही कर्ण मी तिसऱ्यांदा मोजले. दोन्ही सारखे भरायला हवेत; फरक पुन्हा एकोणीस मिलिमीटरच भरला.

आयटीआयमध्ये तीस वर्षे 'आधी माप, मग रंग' शिकवले आणि लेकीला द्यायची जीप मात्र आधी रंगवली. जुन्या अपघातात वाकलेला सांगाडा सरळ करावा, तर आतून गंजलेला पत्रा फाटणार. तसाच ठेवावा, तर घाटात गाडी दरीकडे ओढ घेणार.

"अण्णा, लेकीची पाठवणीसुद्धा एवढी लांबवली नव्हती तुम्ही!" जावई चावी फिरवत हसले. "आज आंबोली गाठतोच."

"ही घाटात टिकणार नाही."

"रंग बघा की! हळू चालवीन."

माझ्या माघारी ते ती नेणारच होते. मी पेट्रोलची टाकी उतरवली आणि कटर सुरू केला.

दुपारी एक वाजता अंगणात जीपचे दोन तुकडे होते.