कपाटाची जागा

दिलेलं कपाट कोणी दाराला टेकवून ठेवतं का? पण ही बाई ठेवत होती. आत्याबाईंनी तीनदा सांगून पाहिलं. एकदा तर स्वतः खांदा लावून ते भिंतीशी सरकवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर पुन्हा दारापाशीच.

कपाट काही ऐरंगैरं नव्हतं. आत्याबाईंच्या लग्नातलं, दोन दारांचं, लोखंडी. लढाईतून जीव वाचवून आलेलं एक कुटुंब गल्लीत राहायला येणार असं कळलं, तेव्हा मदत मंडळात पहिला हात वर झाला तो आत्याबाईंचा. त्यांनी खोली रंगवून घेतली, गाद्या-भांडी मांडून दिली, कपाट चार गड्यांकडून तीन जिने चढवून घेतलं. सुताराला बोलावून दाराला नवं कुलूप बसवलं. आतली कडी मात्र काढून टाकायला लावली. पोरी लहान, आतून अडकून बसल्या तर? एक किल्ली कुटुंबाला दिली आणि एक आपल्या कमरेच्या जुडग्यात ओवली. घर लावलं कोणी? मग एक किल्ली नको का?

तेव्हापासून आठ महिने त्या मनाला येईल तेव्हा जात. कधी भाजी घेऊन, कधी नळ गळतोय का बघायला, कधी नुसतंच पातेल्यावरचं झाकण उचलायला.

"अहो, दिलं ना एकदा? मग उलटं का टांगेना ती," मंडळाच्या बैठकीत शिंपीणबाई म्हणाली होती.

"उलटं टांगायला ते वटवाघूळ आहे होय?" आत्याबाईंनी तिला तिथंच गप्प केलं. "आणि त्या दोन पोरी? कधीही जा, घरातल्या घरात बूट घालून उभ्या. मी आले की जशी यांची गाडीच सुटणार आहे."

आज दुपारी त्या सोक्षमोक्ष लावायलाच निघाल्या. खोली मागणारी दुसरी कुटुंबं रांगेत होती, आणि मंडळ आत्याबाईंचा शब्द मोडत नसे. नीट वागायचं असेल तर राहा, नाहीतर आपली सोय बघ. तोंडावर सांगायचं ठरलं होतं.

जिने चढताना जुडगा खुळखुळत होता. त्यांनी किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि ठक्कन अडलं. आत काहीतरी जड फरशीवरून घासत सरकलं. मग बाई दारात आली, घामाने डबडबलेली. मागे दोन्ही पोरी भिंतीला पाठ लावून उभ्या. पायात बूट.

"बसा आत्या. चहा," असं म्हणून ती गॅसकडे वळली. तिची काडी दोनदा विझली. चूक उमगलेली दिसते, आत्याबाईंना वाटलं.

टेबलावर वही उघडी पडली होती. मंडळातल्या मास्तरीणबाई तिला आठवड्यातून दोनदा इथली भाषा शिकवत. आत्याबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, त्या अक्षराला अक्षर जोडून वाचत. पण हिचं अक्षर मोठं मोठं, नवशिक्याचं. हे आपल्याला आरामात जमेल, या खुशीत त्यांनी वही पुढे ओढली. वर मास्तरीणबाईंच्या हातचं होतं : 'माझे घर. पाच वाक्ये लिहा.'

हे माझे घर आहे.

एक किल्ली माझ्याकडे आहे, एक आत्याकडे आहे.

तिकडे आमच्या घराची एक किल्ली सैनिकांकडे होती.

इथे दाराला आतून कडी नाही.

किल्ली वाजते तेव्हा मुली बूट घालतात.

मास्तरीणबाईंनी लाल शाईने 'मुली'ची वेलांटी तेवढी दुरुस्त केली होती. खाली शेरा होता, 'छान.'

आत्याबाईंनी शेवटची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. घाईत वाचलं की आपलं चुकतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण चुकलं नव्हतं. तेच लिहिलं होतं.

त्यांचे कान तापले. नव्या नवरीच्या दिवसांत सासूबाई अशाच न वाजवता दार ढकलून आत येत. सासूबाई गेल्या, त्याच आठवड्यात आत्याबाईंनी सुतार बोलावून खोलीला आतून कडी बसवून घेतली होती. लोक काय म्हणतील, याचा विचारसुद्धा केला नव्हता. आणि इथली कडी त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावली होती.

बाईने चहा पुढे ठेवला. खाली मान घालून म्हणाली, "आत्या, कपाट मी सरकवते. आज सरकवते. खोली काढून घेऊ नका."

आत्याबाई जुडगा सोडवू लागल्या. कडं घट्ट होतं, नख मोडलं. किल्ली वहीवर ठेवून त्या उठल्या. पोरींच्या पायांकडे बघायचा धीर झाला नाही. बाहेर येऊन त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

आत अगदी चिडीचूप. आपण जाण्याचीच वाट बघताहेत तिघी, हे त्यांना कळलं. दोन पायऱ्या उतरून त्या परत वर आल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी त्या दारावर बोटाने टकटक केलं.

"उघडू नकोस, नुसतं ऐक," त्या म्हणाल्या. "उद्या सुतार येऊन आतून कडी बसवेल. तोवर ढकल ते परत दाराशी. कपाटाची जागा बरोबर आहे, पोरी. माझीच चुकत होती."