कुपीचं बारसं

पाळण्यात बाळाशेजारी काचेची कुपीही निजवली होती. शाल्मलीआत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. आता पाळी कुपीतल्या विषाणूची.

जंतू औषधांना जुमानेनासे झाल्यापासून गरोदर बाईच्या अंगातल्या जंतूला खाणारा विषाणू आधीच शोधून ठेवत, नाहीतर बाळ हाती लागत नसे. वहिनीच्या जंतूचा वैरी शाल्मलीनेच नाल्याच्या पाण्यातून हुडकला होता.

वहिनीने कुपीजवळ तोंड नेलं. "कुर्रर्र... शाल्मली!"

"गटारातल्या किड्याला माझं नाव?" शाल्मली फणकारली.

"असू दे, वन्सं. उद्या याच जंतूने दुसऱ्या कुणाचं बाळ तापेल, तेव्हा डॉक्टर ओरडतील, 'शाल्मली आणा, लवकर!'"

शाल्मलीचा फणकारा कुठल्या कुठे पळाला. पाळण्याला झोका देत तिने कुपीला दटावलं, "नाव काढ गं माझं!"