कोपरापर्यंत हात

रविवारची प्रार्थना चंद्रभानच्या घरी होती. पाद्रीसाहेब अकोल्याला गेलेले, म्हणून पुढे बसायचा मानही त्याचाच. समोर आठ-दहा माणसं, आणि त्यांच्या पाठीमागे थेट आढ्याला भिडलेली कापसाची गंजी. यंदा भाव असा चढला होता की अमरावतीत माणसं ओसरीवर झोपत आणि कापूस माजघरात.

चंद्रभान सांगत होता. मागच्या रविवारी व्यापारी दारात गाडी घेऊन आला, दुप्पट भाव देतो म्हणाला, तरी आपण त्याला परत लावलं. खरं तर व्यापारी दीडपट म्हणाला होता. पण गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना भाव वाढतोच.

"रविवारी या घरात कापसाले कोनी बोट लावत नाई," तो म्हणाला. "प्रभूनं एकदा आपला हात धरला. आता आपल्याले कायचं भेव?"

त्याची आई पार्बताबाई गंजीला पाठ टेकून बसली होती. थंडीचे दिवस. पाठीला ऊब लागली, तिला बरं वाटलं. डुलकीही आली.

मग ती दचकून सरकली. ही ऊब नव्हती. तिनं वळून गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि चुलीतून काढावा तसा बाहेर ओढला.

"चंद्रभान, ऊठ. गंजी आतून पेटाले आली."

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. "माय, प्रार्थना चालू हाये."

"आगबी चालू होईन आता."

कोणीतरी फिसकन हसलं. चंद्रभान हसला नाही. "आज रविवार. उद्या पाहू."

"उद्या राख पाहाशीन."

सून शकुन पदर खोचून केव्हाच उभी राहिली होती. ती एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा सासूकडे. म्हातारा सहदेव उठला. त्याचा सारा जन्म कापसात गेलेला. त्यानंही हात घातला, वास घेतला.

"कोरडा कापूस असा तापत नाई, बापा. यात पानी गेलं."

सगळ्यांनी वर छपराकडे पाहिलं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते.

"दव पडलं असन," चंद्रभान म्हणाला.

"माजघरात?" सहदेवानं विचारलं.

वजनाआधी कापसावर पाणी मारायचं, म्हणजे काटा झुकतो, हे बाजारात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. पण हे घर निराळं, असं हे घरच सगळ्यांना सांगत आलं होतं.

पार्बताबाईच्या अगदी ओठांवर सुनेचं नाव आलं होतं. सुनेवर ढकललं की सासूची मान ताठ राहते. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं वाळीत टाकलं, पाणवठा बंद केला, तेव्हाही तिची मान खाली गेली नव्हती. तिनं शकुनकडे पाहिलं. पोरीचा चेहरा उतरला होता.

"पानी यानं मारलं," पार्बताबाई चंद्रभानकडे बोट दाखवून म्हणाली. "उद्या सोमवारी वजन हाये. रविवार पाळाचा म्हनून काल शनिवारीच मारलं." ती थांबली. "घागर म्या भरून देल्ली."

गंजीच्या वरून वाफेची एक बारीक रेघ निघाली.

मग सगळेच उठले. धुतलेल्या कपड्यांनिशीच कवळ्या भरभरून कापूस अंगणात आणू लागले. गल्लीतली माणसं कमरेवर हात ठेवून पाहत राहिली, रविवारी हे ख्रिस्ती काय करून राहिले म्हणून. चंद्रभान अजून हात जोडून उभा होता.

"उभा कायले? घाल हात," पार्बताबाई म्हणाली.

त्यानं हात घातला, भाजला तसा काढला, पुन्हा घातला. वरचा कापूस दुधासारखा पांढरा निघाला. पोटातला पिवळा, करपट, ओला.

अर्धी गंजी उपसल्यावर आतली धग ओसरली. घामेजलेली माणसं पुन्हा माजघरात येऊन बसली. पुढची जागा रिकामी होती. चंद्रभान दाराशी, सगळ्यांच्या मागे बसला. शेवटी सहदेवानं प्रार्थना सुरू केली.

पार्बताबाई या वेळी टेकली नाही. उरलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून बसली. सगळ्यांनी डोळे मिटले, तिनं उघडे ठेवले.